वाकायचं कुणी, पिकने की मनगटाने?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ४४ वर्षांची, नाशिकला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपासून गिटारच्या क्लासला जाते. साधी अकूस्टिक गिटार आहे, स्टीलच्या तारांची. सोसायटीत आमचा सुगम संगीताचा ग्रुप आहे: पेटी, तबला, टाळ आणि मी. क्लासच्या सरांनी पहिल्या दिवशी ०.४६ मि.मी. जाडीचं पातळ पिक (तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा) दिलं, तेच अजून वापरते. कॉर्ड्स (एकदम छेडायचे सुरांचे गट) बऱ्या वाजतात, पण भावगीताची चाल एकेका तारेवर वाजवायला घेतली की फटफट आवाज येतो. बंगळुरूचा भाचा मेटल बँडमध्ये वाजवतो, त्याने १.३८ मि.मी.चं छोटंसं लाल पिक पाठवलं. त्या पिकने तार अडकते, पिक बोटांत फिरतं आणि एकदा तर ते थेट गिटारच्या पोटात गेलं. ग्रुपमधले एक काका म्हणतात, साडेतीन हजारांचं परदेशी पिक घ्या, फरक कळेल. घरी एकटी असले की मी चक्क अंगठ्याने वाजवते आणि यांच्या मते तेच सगळ्यात छान वाटतं. पण ते काही खरं वाजवणं नव्हे. माझी स्टाइल नेमकी कोणती समजू, आणि तिला योग्य पिक कोणतं? सरांनी दिलेलं पिक बदललं तर त्यांना वाईट वाटेल का?

नमस्कार बाई,

(शिक्षिका म्हटलं की माझ्या तोंडून 'मॅडम' निघतच नाही. चालवून घ्या.)

आधी एक गंमत. तुमच्या पत्रातल्या प्रत्येक 'पिक'चं तुमच्या फोनने 'पीक' करून टाकलं होतं. 'पातळ पीक', 'लाल पीक अडकतं', 'महागडं परदेशी पीक घेऊ का'. पहिला परिच्छेद संपेपर्यंत मला वाटत होतं, शेतीच्या सदराचं पत्र चुकून माझ्याकडे आलंय. खाली मी 'पिक'च लिहितोय, पण अनेकवचन मात्र 'पिकं' होणार. त्याला इलाज नाही.

आता मुद्द्याचं. तिघांनी तुम्हाला तीन पिकं दिली किंवा सुचवली. सरांनी पातळ, भाच्याने जाड, काकांनी महाग. तिघंही मनापासूनच सांगत असणार. पण तिघांपैकी कुणी तुमच्या उजव्या हाताकडे दोन मिनिटं बघितल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. तुम्ही स्वतःही त्या हाताबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. सगळी चर्चा त्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याची.

पिक तारेला भिडतं तेव्हा कुणाला तरी माघार घ्यावीच लागते. एक तर पिक वाकतं, नाहीतर पिक ताठ राहतं आणि तुमची चिमूट नि मनगट वाट देतात. दोन्ही वाकले तर आवाज पोचट. दोन्ही ताठ राहिले तर तार अडकते, पिक फिरतं आणि गिटारच्या पोटात जातं. माझा अंदाज असा की तुमची चिमूट पहिल्या दिवसापासून घट्ट आहे, आणि दोन वर्षं तुमच्या वतीने ते ०.४६चं पिक वाकत आलंय. म्हणून कॉर्ड्स 'बऱ्या' वाजतात. भाच्याचं पिक वाकायला तयार नाही, त्यामुळे हाताचा ताठरपणा उघडा पडला. पिक वाईट नाही, ते नुसतं चहाडी करतंय.

हे माझ्या शब्दावर मानू नका. रात्री जेवणं आटोपल्यावर गिटार मांडीवर घ्या. सरांचं पातळ पिक धरा, त्याचं टोक सगळ्यात जाड तारेवर टेकवा आणि वाजवू नका, नुसतं हळूहळू खाली दाबत न्या. नीट बघा. तार जागची हलायच्या आधी पिकला बाक येतो, मग तार जेमतेम सरकते, आणि सुटताना पिक पट्कन सरळ होऊन तारेवर किंवा पुढच्या तारेवर आपटतं. ती 'टक' ऐकू येईल. तुमचा फटफट आवाज तो हाच. आता तेच लाल पिकने करा. पिक तसंच राहील आणि तार आख्खी सरकेल, सुटल्यावर घुमेल. अकूस्टिकवर सर्रास लावतात त्या 'लाइट' संचात सगळ्यात जाड तार ०.०५३ इंचांची, म्हणजे जवळपास १.३५ मि.मी. असते आणि सगळ्यात बारीक ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मि.मी. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला सांगायला नको: भाच्याचं पिक त्या जाड तारेइतकं आहे, सरांचं तिच्या एक तृतीयांश. ०.४६ने त्या तारेला हलवणं म्हणजे फूटपट्टीने दार ढकलण्यातलाच प्रकार.

मग पातळ पिक बनवतातच कशाला? कारण सहाही तारांवरून झरकन हात फिरवायचा असतो तेव्हा तो बाक कामाचा ठरतो. पिक कुठेच अडत नाही, हात चुकला तरी सांभाळून घेतं आणि तो 'छक छक' आवाज तालवाद्यासारखा वापरता येतो. नवशिक्याला सर पातळ पिक देतात ते म्हणूनच. पहिल्या सहा महिन्यांत उजवा हात थांबला नाही तरच माणूस क्लास सोडून जात नाही. सरांचं काही चुकलं नाही. दोन वर्षं तेच पिक राहिलं, एवढंच झालं.

पण एकेका तारेवर चाल वाजवताना पिकने वाकून मग सरळ व्हायचं म्हणजे प्रत्येक सुराला क्षणभर उशीर, आणि जलद जागी तो उशीर साठत जातो. यासाठी परदेशी उदाहरण शोधायचीही गरज नाही. सतारीची नखी बघा. स्टीलची तार वळवून केलेली, तर्जनीवर घट्ट बसणारी. ती तसूभर वाकत नाही. सरोदचा जवा करवंटीचा असतो, जाडजूड. एकेका तारेवर सूर काढणाऱ्या आपल्या या दोन्ही मोठ्या वाद्यांनी लवचीक तुकडा कधी हातात घेतलाच नाही. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात जाऊन 'जरा वाकणारी नखी द्या' म्हणालात तर तो माणूस तुम्हाला आधी पाणी विचारेल.

तुमच्या पत्रातल्या ज्या शब्दावर मी सगळ्यात जास्त अडलो तो म्हणजे 'स्टाइल'. दुकानांत आणि व्हिडिओंमध्ये अशीच भाषा असते: स्ट्रमिंगला (सगळ्या तारा एकदम छेडायला) पातळ, रॉकला मध्यम, जॅझला जाड. तुम्हाला वाटतं आधी स्टाइल ठरली की पिक आपोआप ठरेल. बाई, दोन वर्षांत स्टाइल नसते. तुमच्याकडे सध्या दोन कामं आहेत. ग्रुपमध्ये तबल्याबरोबर ठेका धरायचा, आणि मधल्या जागी चार ओळी एकेका तारेवर वाजवायच्या. पिक कामाला निवडायचं असतं, आणि तेही हात पाहून.

आणि ज्यांची स्टाइल जगाने मान्य केली त्यांची पिकं पाहिली तर हे कोष्टक कोलमडतंच. क्वीन बँडचा ब्रायन मे पिक वापरतच नाही, तो सिक्सपेन्सचं नाणं वापरतो. इंग्लंडमध्ये १९८० साली चलनातून गेलेलं, साधारण १९ मि.मी. व्यासाचं. धातूचं नाणं ते, वाकण्याचा प्रश्नच नाही. रॉकचा एवढा मोठा वादक, पण नाणं धरतो अगदी सैल. सगळा बाक त्याच्या बोटांत आहे. शिवाय नाण्याच्या कडेचे दाते तारेवर घासून किंचित खरखर येते, ती त्याला हवीच असते. उलट जॅझमध्ये ज्याचं नाव आदराने घेतात तो वेस माँटगोमेरी पिकच वापरत नसे. तो अंगठ्याने वाजवायचा. हो, अंगठ्याने. त्याच्याकडे परत येतो.

तर आधी हात. पिक धरायची जागा म्हणजे तर्जनीच्या पहिल्या पेराची कड. तर्जनी किंचित मुडपायची, पिक त्या कडेवर ठेवायचं आणि वरून अंगठा आडवा. कुलपात किल्ली घालताना धरतो तसं. टोक पाच-सहा मि.मी. बाहेर, जास्त नको. आता ताकद किती लावायची? रांगोळीची चिमूट आठवा. घट्ट धरली तर रेघ उमटतच नाही, सैल सोडली तर ढीग पडतो. ठिपक्यांची रांगोळी काढताना हात जितका दाबतो तितकंच. तार वाजवताना चिमूट तेवढीच ठेवायची, आणि जोरात वाजवायचं असेल तेव्हा चिमूट नव्हे, हाताचा झोका वाढवायचा. इथे बहुतेकांची गल्लत होते. तबला चढला की आपोआप बोटं आवळली जातात. आवळलीत की मनगट गेलंच.

दुसरी गोष्ट खोलीची. तारेच्या खाली टोक एक-दोन मि.मी. जायला हवं, अर्धं पिक नव्हे. भाच्याच्या पिकने तार अडकते त्याचं निम्मं कारण हेच असणार. त्याचं ते पिक आकाराने लहान आणि टोकदार असतं, इलेक्ट्रिकवर अगदी छोट्या हालचालीने भराभर वाजवण्यासाठी. तुमच्या बोटांना धरायला तिथे जागाच पुरत नाही. त्याच्या गिटारला बारीक तारा, वर अ‍ॅम्प्लिफायर. तुमच्याकडे जाड तारा आणि आवाज काढायला फक्त लाकूड. त्याचं पिक त्याच्याकडे उत्तम आहे, एवढं बोलून त्या विषयाला मी टाळं लावतो. पिक मात्र परत करू नका, पुढे लागेल.

तिसरं, तिरकेपणा. पिक तारेला अगदी समांतर, सपाट आपटलं तर आवाज कोरडा येतो आणि अडकतंही. बोरूने किंवा कटनिबने मुलांना अक्षरं गिरवायला लावताना टाक जसा किंचित वळवून धरायला सांगतात, तसं पिक थोडं तिरकं धरा. म्हणजे त्याची कड तारेवरून घसरत जाते. जाड पिकने तार अडते अशी तक्रार करणाऱ्या दहातल्या आठ जणांची अडचण एवढ्याने सुटलेली मी पाहिली आहे. (दहातल्या आठ हा माझा अंदाज, त्याचा शेकडेवारीचा तक्ता मागू नका.) फार तिरकं केलं तर मात्र जाड तारांवर खरवडल्याचा आवाज येतो. तो आला की थोडं परत फिरायचं.

हे सगळं आजच, आहे त्याच पिकने करून पाहता येतं. करून झालं, की मग खरेदी.

खरेदीत एक नियम पाळा, गणिताच्या बाई म्हणून तुम्हाला तो आवडेल: एका वेळी एकच चल बदलायचा. आकार तोच, मटेरियल तेच, फक्त जाडी वेगळी. आकार नेहमीचा, गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणाचा. दुकानात त्याला ३५१ म्हणतात, सुमारे २५ मि.मी. रुंद आणि ३० मि.मी. लांब. मटेरियल म्हणाल तर मी तुम्हाला सेल्युलॉइडऐवजी डेलरिन नावाचं मॅट, किंचित खडूसारखं लागणारं प्लास्टिक सुचवेन. डनलॉप या पिकं बनवणाऱ्या कंपनीच्या टॉर्टेक्स मालिकेतली पिकं त्याचीच असतात, आणि त्यांची सोय म्हणजे रंगावरून जाडी कळते: नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०. एकेक नारिंगी, पिवळं आणि हिरवं घ्या. तिन्ही मिळून एका सिनेमाच्या तिकिटाइतका खर्च होणार नाही.

डेलरिन का, तर घामामुळे. सेल्युलॉइडचं पिक दिसायला देखणं, शिंपल्यासारखं चमकतं, आवाजही उजळ. पण मे महिन्यात, पंख्याखाली, दोन गाण्यांनंतर ते साबणासारखं सुटतं. मॅट पिक घामातही बरंच टिकून राहतं. तरी सुटलंच तर कंपासपेटीतलं कर्कटक घ्या आणि पिकच्या धरायच्या भागावर दोन्ही बाजूंनी आडव्या-उभ्या रेघा ओरखडा, चौकटीच्या वहीसारख्या. टोकाला हात लावू नका. किंवा कार्यालयातल्या पंचिंग मशीनने मध्ये एक भोक पाडा. बोट आणि अंगठा त्या भोकात एकमेकांना लागतात आणि पकड बसते. खडूची पूड बोटांना लावायचं सुचवणार होतो, तुमच्याकडे तिला तोटा नाही, पण ती तारांच्या गुंडाळीत जाऊन बसते आणि तारा चार दिवसांत मरतात. नकोच.

हे टॉर्टेक्स नाव कुठून आलं त्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी उत्तम पिक म्हणजे कासवाच्या पाठीचं, हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाचं. कवचाला ना फार कडकपणा ना फार लवचीकपणा, आणि घाम आला तरी हातातून निसटत नाही. त्यापायी कासवं संपत आली. १९७३ साली झालेल्या साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या करारानंतर त्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद होत गेला, आणि पर्याय म्हणून १९८१ साली ही पिकं बाजारात आली. म्हणून त्यांच्या नावात इंग्रजी 'टॉर्टॉइज', म्हणजे कासव, आणि अंगावर कासवाचं चित्र असतं. आजही कुणी 'जुनं, अस्सल कासवाचं' म्हणून काही विकायला आणलं तर हात लावू नका. हॉक्सबिल आपल्याकडेही कायद्याने संरक्षित आहे.

आता तीन पिकं घेऊन करायचं काय? पंधरा दिवस रोज दहा मिनिटं. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं साधन) मिनिटाला ७० ठोक्यांवर लावा. जी, सी, डी या तीन कॉर्ड्स चार आवर्तनं, मग सा ते वरचा सा एकेका तारेवर सरळ-उलट, मग तुमच्या आवडत्या भावगीताचा मुखडा. पहिले पाच दिवस नारिंगी, मग पिवळं, मग हिरवं. शेवटच्या दिवशी तिन्ही पाठोपाठ. फोन चार-पाच फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐकणं दुसऱ्या दिवशी करा. वाजवताना आपल्याला हात जाणवतो, आवाज नाही. आपल्या कानाशी गिटार वेगळी वाजते, समोरच्याला वेगळी. आणि 'यांना' दुसऱ्या खोलीत बसवून, कोणतं पिक आहे ते न सांगता, कोणता तुकडा आवडला विचारा. त्यांचा कान तयार आहे हे तुमच्याच पत्रावरून दिसतंय.

माझं भाकीत सांगून ठेवतो. पहिल्या दोन दिवसांत नारिंगी बरं वाटेल, आणि हिरवं हातात आलं की आधी दगडासारखं लागेल. शेवटच्या दिवशी तिन्ही पाठोपाठ वाजवताना नारिंगीची टकटक तुम्हालाच नकोशी होईल. शेवटी तुम्ही पिवळ्यावर थांबाल, आणि वर्षभरात हिरव्यावर जाल. चुकलो तर कळवा, पण फार चुकणार नाही.

ग्रुपबद्दल एक वेगळं निरीक्षण, जे सहसा कुणी सांगत नाही. पातळ पिकची टकटक, टाळ आणि तबल्याची चाट हे सगळे तीक्ष्ण, वरच्या पट्टीतले आवाज. एकाच बाकावर चौघं बसल्यासारखे ते एकमेकांना ढकलतात, आणि तुम्हाला वाटतं आपली गिटार ऐकूच येत नाही. मग जोर लावता, चिमूट आवळते, आणि टकटक आणखी वाढते. ०.७३ किंवा ०.८८ने तारांचा भरीव, मधला आवाज वर येतो, जो त्या टाळ-तबल्यांत कुणाकडेच नाही. पेटीकडे आहे, पण पेटी सूर धरून ठेवते आणि गिटार सोडून देते, त्यामुळे दोघांचं जमतं. शिवाय वाजवताना हात पुलाकडे, म्हणजे गिटारच्या पोटावर जिथे तारा अडकवल्यात तिकडे, सरकला तर आवाज टणक होतो आणि गोल छिद्राच्या वर सरकला तर मऊ. मुखड्याला तिकडे, अंतऱ्याला इकडे. पिक न बदलता दोन पिकं मिळतात.

अनेक वर्षांपूर्वी आम्ही गणपतीत ऑर्केस्ट्रा करायचो. चिंचवडला एका मांडवात, ऐन लावणीच्या मध्यावर माझं पिक निसटून गिटारच्या छिद्रात गेलं. दुसरं खिशात नव्हतं. उरलेलं गाणं मी नखाने वाजवलं आणि तर्जनीचं नख मुळापर्यंत तुटलं. तेव्हापासून शर्टाच्या खिशात तीन असतात. तुम्ही पर्समध्ये नव्हे, गिटारच्या डोक्याशी तारांमध्ये एक खोचून ठेवा. आणि आत पडलेलं काढायची रीत: गिटार आडवी, छिद्र वर करून धरा, हलक्या हाताने हलवत पिक आतल्या आत छिद्राच्या बरोबर खाली आणा. दिसलं की एका झटक्यात पालथी करा. हलवत बसलात तर तासभर खुळखुळा वाजेल.

साडेतीन हजारांच्या पिकबद्दल. अशी पिकं आहेत, अगदी चिवट प्लास्टिकची, हाताने घासून कड काढलेली, आणि खरोखरच वर्षानुवर्षं झिजत नाहीत. ती घेणारे मूर्ख नाहीत. पण ते कोण असतात? ज्यांनी साध्या पिकचं टोक वाजवून वाजवून गोल केलंय, आणि ज्यांना नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येतं. तुमच्या ०.४६च्या टोकाकडे बघा. किती झिजलंय? त्यावरून काकांना उत्तर देता येईल. दुसरं म्हणजे पिक ही हरवायचीच वस्तू आहे, छत्रीची धाकटी बहीण. साडेतीन हजारांचं हरवेल या भीतीने तुम्ही ते जास्तच घट्ट धराल. झालंच मग!

आता सर. दोन वर्षांत त्यांचं स्वतःचं पिक कधी निरखलंय? पुढच्या तासाला बघा, मला खात्री आहे ते ०.४६ नसणार. 'सर, मी पिक बदललं' असं जाहीर करू नका. 'सर, हा मुखडा मला तारेवर स्वच्छ वाजवायचाय, माझी पकड एकदा बघता का? तुम्ही यासाठी कोणतं पिक वापरता?' असं विचारा. शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती आवडतो ते तुम्ही जाणताच. आणि तुम्हाला ज्या गोष्टीची खरी गरज आहे, म्हणजे कुणीतरी हाताकडे बघण्याची, तीही होऊन जाईल.

याच प्रकारची आणखी पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी भरभर. लहान मुलांना ०.६०, आणि नेहमीच्या आकाराचं किंवा मोठं; छोट्या हाताला छोटं पिक असा हिशेब नसतो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर पिक नकोच, बोटं वापरा. तिच्या लाकडावर संरक्षक पट्टी नसते आणि पिकने ओरखडे पडतात. युकुलेलेला (चार तारांच्या छोट्या गिटारला) फेल्टचं, म्हणजे नमद्याचं, जाड, मऊ पिक मिळतं, नाहीतर बोटं आहेतच. बेस गिटारला बोटं किंवा एक मि.मी.च्या वर.

राहता राहिला अंगठा. तुम्ही लिहिता, 'ते काही खरं वाजवणं नव्हे.' हे कुणी सांगितलं? कातडी मऊ असते, तिथे टकटक नाही, आणि तार पूर्ण सरकते. मुख्य म्हणजे अंगठ्याने वाजवताना तुम्ही काहीच धरलेलं नसतं, म्हणून हात सैल असतो. तुमचा सगळ्यात चांगला आवाज तिथे येतो यात मला नवल वाटत नाही. माँटगोमेरी रात्री घरी सराव करताना इतरांना त्रास नको म्हणून अंगठ्याकडे वळला असं सांगतात. अंगठ्याला मर्यादा आहेत: आवाज लहान, वरच्या दिशेचा फटका दुबळा, तबल्यापुढे बुडेल. पण ग्रुपमध्ये गाण्याच्या सुरुवातीची ठेक्याविना चाल अंगठ्याने वाजवा, पिक तोवर मधल्या बोटाखाली मुठीत दडवून ठेवा, आणि तबला आला की पुढे काढा. ही अदलाबदल आठवड्याभरात जमते. आणि ०.८८ धरल्यावर हात कसा असायला हवा असा प्रश्न पडला, तर पिक खाली ठेवून दोन ओळी अंगठ्याने वाजवा. तोच हात. त्यात फक्त पिक सरकवायचं.

शेवटचं, फुकटातलं. दुकानात जाईपर्यंत धीर नसेल तर बंद झालेलं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी ०.७६ मि.मी. असते, म्हणजे पिवळ्या पिकच्या अगदी शेजारी. सरांचं पिक ठेवून पेनने आकार गिरवा, चिप आणि मागची काळी पट्टी सोडून कापा, कडा आधी नखांच्या कानशीने आणि मग जीन्सच्या कापडावर घासून गुळगुळीत करा. एका कार्डात तीन सहज निघतात. फक्त कात्री लावण्यापूर्वी कार्डावरची मुदतीची तारीख नीट वाचा. मी एकदा चष्मा न लावता कापलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर खिशातून तीन सुबक पिकं काढून दाखवली होती.